रॅगिंग रोखायचं तर आधी सिनिअरच्या हातात काय आहे ते बघा

मुंबईत रॅगिंग जिथे जिथे होतं तिथे एक गोष्ट हमखास सापडते: नव्या मुलाचं ज्यावाचून अडतं असं काहीतरी एखाद्या सिनिअरच्या ताब्यात असतं. हॉस्टेलची खाट, मागच्या बॅचची जर्नल, वॉर्डातली ड्यूटी, एकांकिकेतली भूमिका, फेस्टच्या कमिटीतलं नाव, टीममधली जागा. सिनिअर स्वभावाने बरा असला तर ती सहज मिळते, नसला तर तिची किंमत वसूल केली जाते. म्हणून 'रॅगिंग हा गुन्हा आहे' असे फलक भिंतीवर वर्षानुवर्षं असतात आणि त्याच भिंतीपलीकडे रात्री दोनला इंट्रो (सिनिअरांनी नव्या मुलाला उभं करून 'ओळख' करून घेणं) चालू असते. ताबा काढून घेतला की ती थांबते.

पुढची पद्धत प्राचार्य, रेक्टर, रॅगिंगविरोधी समितीवरचे शिक्षक आणि विद्यार्थी गटांचे प्रमुख यांच्यासाठी आहे. विद्यार्थी आणि पालकांनी काय करायचं ते शेवटी आहे. आत्ता कोणाला त्रास होत असेल तर त्यांनी बाकीचं सोडून थेट तिकडे जावं.

जूनमधलं काम: ताब्याची यादी

पहिल्या वर्षाच्या मुलाला पहिल्या तीन महिन्यांत काय काय लागतं ते एका कागदावर लिहा आणि ती गोष्ट त्याला सध्या कोणाकडून मिळते ते प्रत्येकीपुढे लिहा. हे करताना मागच्या वर्षी नवीन असलेली दोन-तीन मुलं सोबत बसवा. शिक्षकांना वाटत असतं की जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीत आहेत; प्रत्यक्षात त्यांचा गठ्ठा हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी ट्रंकेत असतो. जिथे सिनिअरचं नाव येईल तिथे खूण करा.

मुंबईत जागेची मारामार, त्यामुळे पहिली खूण बहुतेक खोलीवरच पडते. खोलीवाटपाची यादी रेक्टरच्या सहीने, खोली आणि खाट क्रमांकासह, मुलं येण्याआधी लागली पाहिजे. किल्ली ऑफिसातून द्या, खोलीतल्या जुन्या मुलाकडून नको. पहिल्या वर्षाची मुलं शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावीत असं यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९ चे नियम सांगतात. वेगळी इमारत नसेल तर एक अख्खा मजला द्या, पण आधी त्या मजल्यावरचे नळ आणि संडास चालू आहेत का ते स्वतः जाऊन बघा. पाण्यासाठी वरच्या मजल्यावर जावं लागत असेल तर मजला वेगळा असून उपयोग नाही. बादली घेऊन जाणारा मुलगाच अडवला जातो.

याच संदर्भात पॅरासाइटकडे लक्ष द्या. ज्याला खोली मिळाली नाही आणि जो ओळखीच्या सिनिअरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो, त्याच्याइतका अडचणीतला मुलगा हॉस्टेलात दुसरा नसतो. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे तो तक्रार करायला गेला की पहिला प्रश्न येतो, 'तू इथे राहतोसच कसा?' सिनिअरला हे पक्कं माहीत असतं. पॅरासाइट हुडकून हाकलू नका. दर वर्षी प्रवेशानंतर पंधरा दिवसांची मुदत द्या, त्यात जो स्वतःहून नाव नोंदवेल त्याला तात्पुरता रहिवासी म्हणून पत्र द्या आणि रिकामी होणारी पहिली खाट त्याला द्या. पत्र हातात आलं की त्याला तोंड फुटतं.

जर्नल, नोट्स आणि प्रश्नपत्रिका यांचा एक संच विभागाच्या ऑफिसात ठेवला की तो ताबा संपतो. एका दुपारचं काम आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र प्रकरण अवघड आहे, कारण तिथे ताबा ड्यूटीचा असतो. निवासी डॉक्टरांचं ड्यूटीचं वेळापत्रक वरच्या वर्षाच्या निवासी डॉक्टराने आखायचं आणि त्यानेच बदलायचं, ही प्रथा बंद करा. वेळापत्रक युनिट प्रमुखाच्या सहीने महिना सुरू होण्याआधी लागावं, प्रत्येक बदल रजिस्टरमध्ये कारणासह लिहावा, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये कोणाला किती संधी मिळाली याचा तक्ता दर महिन्याला प्रमुखाने पाहावा. तक्त्यात एकाच मुलीच्या नावापुढे फक्त कागदपत्रांची कामं दिसत असतील तर तिच्याशी एकटीशी बोला. २२ मे २०१९ रोजी नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयातल्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून जो गुन्हा नोंदला गेला त्यात ॲट्रॉसिटी कायद्याबरोबर महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदाही लावला होता. पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर ही 'फ्रेशर' नाही, म्हणून तिचं रॅगिंग होत नाही, हा समज तिथेच संपायला हवा होता. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत; ते पदव्युत्तर विभागांत आणि युनिटच्या बैठकीतही वाचून दाखवा.

एकांकिका, फेस्ट आणि टीम

हॉस्टेल नसलेल्या कॉलेजांना वाटतं की हा विषय आपला नाही. पण विलेपार्ले, दादर, चर्चगेट भागातल्या दिवसा भरणाऱ्या कॉलेजांतही नाटकाचा गट, फेस्टची कमिटी, कबड्डी-क्रिकेटचा संघ अशी बंद वर्तुळं असतातच. आत शिरायला धडपडणारी मुलं, दारावर सिनिअर, आणि 'आम्हीही हे केलंय' हे एकच समर्थन.

नाटकाच्या गटात भूमिका ऑडिशनने द्या आणि निवड करणाऱ्यांत एक शिक्षक आणि एक बाहेरची व्यक्ती ठेवा. सेट उचलणं, इस्त्री, चहा आणणं यांची पाळी लिहून लावा आणि त्यात दिग्दर्शकासकट तिसऱ्या वर्षाच्या सगळ्यांची नावं घाला. तालीम किती वाजता संपवायची हे गटातल्या सर्वात लांब राहणाऱ्या मुलावरून ठरवा. कसारा, कर्जत किंवा डहाणूकडे जाणाऱ्याची शेवटची गाडी चुकली की त्याला कोणाच्या तरी फ्लॅटवर राहावं लागतं, आणि आदल्या रात्रीच्या ज्या 'परंपरा' असतात त्या त्याच फ्लॅटवर घडतात. स्पर्धेच्या आठवड्यात रात्रभर तालीम अटळ असेल तर ती कॉलेजच्या आवारातच, शिक्षक हजर असताना आणि पालकांना कळवून होऊ द्या.

फेस्टच्या कमिटीत त्रास पैशाच्या वाटेने येतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला प्रायोजक आणायचं टार्गेट दिलं जातं, ते जमलं नाही की फरक स्वतःच्या खिशातून भरायला लावतात. त्यात टी-शर्टचे, पार्टीचे, सिनिअरच्या रिचार्जचे पैसे मिळवा. यूजीसीच्या व्याख्येत जबरदस्तीने खर्च करायला लावणं हे स्पष्टपणे रॅगिंगमध्ये येतं. उपाय असा: कमिटीचा एकही रुपया विद्यार्थ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर जमा होणार नाही, कोणाही सदस्याकडून ठरलेल्या वर्गणीपलीकडे काही घेतलं जाणार नाही, आणि टार्गेट चुकलं म्हणून कोणाला काढायचं असेल तर ते शिक्षक प्रमुखाच्या सहीशिवाय होणार नाही.

खेळाच्या संघांबाबत थोडक्यात: किट उचलण्याची पाळी सगळ्यांची, आणि बाहेरगावच्या स्पर्धेत पहिल्या वर्षाची मुलं एका खोलीत एकत्र.

इंट्रो

सिनिअर म्हणतात, ओळख तर करून घेतो, त्यात काय. म्हणून इंट्रो नेमकी कशी चालते ते पाहू.

खोलीत खाटांवर सातआठ जण बसलेले, नवा मुलगा मध्ये उभा, दार लोटलेलं. नाव, गाव, शाळा. मग 'सर म्हण.' मग 'वर बघू नकोस, तिसऱ्या बटणाकडे बघ.' मग इंग्रजीत सांगायला लावायचं आणि चुकलं की हसायचं. मग रँक विचारायची. नीट, जेईई किंवा सीईटीची रँक विचारली की मुलगा कुठल्या कोट्यातून आला ते कळतं. जात न विचारता जात काढून घ्यायची ही पद्धत आहे, आणि त्यानंतर खोलीतला सूर बदलतो. मग गाणं, नाच, फोन अनलॉक करून गॅलरी दाखवायची, शर्ट काढायचा. दोन पायऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटंच जातात आणि कुठल्याच पायरीवर 'इथून पुढे गुन्हा' अशी पाटी नसते. पहिल्या पायरीला होकार दिलेला मुलगा सहाव्या पायरीला नकार देऊ शकत नाही.

म्हणून मर्यादा पहिल्या पायरीवरच घाला: पहिले तीन महिने पहिल्या वर्षाच्या मुलाला खोलीवर, पीजीवर (पेइंग गेस्टच्या जागेवर), फ्लॅटवर किंवा टेरेसवर बोलावायचं नाही, ओळख कॅन्टीनमध्ये किंवा वर्गात दिवसाउजेडी करायची. पण नुसती बंदी घातली की इंट्रो आवाराबाहेर जाते, तेव्हा ओळखीची दुसरी सोय तुम्हीच करून द्या. सत्र सुरू झाल्यापासून शक्यतो दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक विभागाने शिक्षक आणि सिनिअर मिळून स्वागत समारंभ करावा असं यूजीसीच्या नियमांतच आहे. तो शुक्रवारी दुपारी ठेवा, कार्यक्रमात सिनिअरांनी आधी स्वतः काहीतरी सादर करावं, नव्यांना स्टेजवर यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. निवेदकाच्या हातात माइक देण्यापूर्वी त्याची प्रश्नांची यादी वाचा. 'बॉयफ्रेंड आहे का' आणि 'रँक किती' हे तिथेच खोडा.

मेंटॉर योजनाही याच वेळी सुरू होते. सहा नव्या मुलांमागे एक सिनिअर मेंटॉर, आणि सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक. मेंटॉर स्वयंसेवकांतून निवडताना ज्यांच्या हातात आधीच काही आहे त्यांना वगळा: फेस्टचा प्रमुख, संघाचा कप्तान, मेसचा सेक्रेटरी. त्यांना मेंटॉर केलंत तर यादीतून पुसलेली खूण तुम्हीच परत काढली.

उशिरा येणारे

मुंबईत दर वर्षी हमखास होणारी चूक म्हणजे ओरिएंटेशन एकदाच घेणं. कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या लांबतात, शेवटच्या फेरीचा मुलगा वर्ग सुरू होऊन महिना झाल्यावर बॅग घेऊन येतो. त्याने माहितीपत्रक पाहिलेलं नसतं, त्याला मेंटॉर नसतो, चांगल्या खोल्या गेलेल्या असतात, आणि बाकीच्या नव्यांची इंट्रो होऊन गेल्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्या एकट्यावर असतं. प्रत्येक फेरीनंतर अर्ध्या तासाचं ओरिएंटेशन पुन्हा घ्या. ऑफिसातल्या प्रवेश कारकुनाला एकच सूचना द्या: फी भरल्याची पावती देताना सोबत एक कार्ड द्यायचं, ज्यावर रेक्टरचा चोवीस तास चालू असलेला मोबाइल, समितीतल्या दोन शिक्षकांचे नंबर, राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि तातडीच्या मदतीचा ११२ छापलेले असतील. कार्ड आयकार्डच्या प्लास्टिकमध्ये मागून बसेल एवढंच करा, म्हणजे ते हरवत नाही.

विद्यार्थी आणि पालकांचं हमीपत्र दर वर्षी सगळ्यांनी भरायचं असतं, फक्त नव्यांनी नाही. आता ते ऑनलाइन भरलं जातं आणि बरेचदा सायबर कॅफेवाला भरून देतो, त्यामुळे त्यात काय आहे ते कोणी वाचत नाही. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन त्यातली शिक्षेची कलमं मोठ्याने वाचून दाखवायला दहा मिनिटं पुरतात. खरी गरज तिथेच आहे.

रात्रीची फेरी

रॅगिंगविरोधी पथक आणि रॅगिंगविरोधी समिती वेगळ्या असतात. समितीत संस्थाप्रमुखांबरोबर पोलीस आणि नागरी प्रशासन, स्थानिक माध्यमं, युवकांसोबत काम करणारी संस्था, शिक्षक, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी यांचे प्रतिनिधी असतात. ती निर्णय घेते. पथक लहान असतं आणि ते फिरतं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन फेऱ्या, नंतर दोन, अशी सुरुवात ठेवा. वेळ रात्री साडेदहा ते अडीचच्या दरम्यान दर वेळी वेगळी. एक फेरी परीक्षेनंतरच्या रात्री आणि एक गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं परततात त्या रात्री नक्की हवी.

फेऱ्या फसतात त्या वॉचमनमुळे. पथक गेटवर आलं की आत फोन जातो, कारण वॉचमनला वर्षभर त्याच मुलांबरोबर काढायचं असतं. त्याला दोष देत बसू नका; पथकाला मागच्या दाराची किल्ली द्या आणि एकाने गेटवर वॉचमनजवळ थांबावं. खोल्या तपासण्याआधी टेरेस, जिम, बंद मेस, पाण्याच्या टाकीजवळची जागा आणि पार्किंग बघा. पहिल्या वर्षाच्या खोल्यांत किती खाटा रिकाम्या आहेत ते मोजा. रात्री एकला सहा खाटा रिकाम्या असतील तर ती सहा मुलं कुठे आहेत हा प्रश्न त्याच क्षणी सोडवायचा, सकाळी नाही. मुलींच्या हॉस्टेलच्या पथकात महिला शिक्षिका हव्यातच, आणि फेऱ्याही तितक्याच. मुलींत हे कमी असतं असं धरून चालणं चुकीचं आहे. तिथे मारहाणीपेक्षा वाळीत टाकणं, कपड्यांवरून-रंगावरून बोलणं, कामं करून घेणं जास्त असतं, आणि ते फेरीत दिसत नाही.

आवाराबाहेरच्या पीजी आणि भाड्याच्या फ्लॅटबाबत कॉलेजं हात वर करतात. राज्याचा कायदा संस्थेच्या आतलं आणि बाहेरचं, दोन्ही रॅगिंग धरतो. खासगी व्यावसायिक हॉस्टेलांची पोलिसांकडे नोंद हवी, तीही संस्थाप्रमुखाच्या शिफारशीने, असं यूजीसीचे नियम सांगतात. ज्या इमारतींत तुमची दहाहून अधिक मुलं राहतात त्यांची यादी करा, मालकांचे नंबर घ्या, यादीची प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला द्या.

व्हॉट्सॲप

पीडीएफ देतो म्हणून सिनिअर नव्यांचा ग्रुप काढतात आणि मग तिथे रात्री अकराला 'सगळ्यांनी दोन मिनिटांत हजर' असे आदेश सुटतात. डेअर, व्हॉइस नोटवर माफी, बाहेर पडला की 'कॉलेजात दिसू नकोस.' असे अनौपचारिक ग्रुप करून त्रास देणं रॅगिंगच आहे, असं यूजीसीने २०२५ मध्ये संस्थांना कळवलं आहे. प्रवेशाच्या दिवशीच वर्गशिक्षकाने अधिकृत ग्रुप काढावा, शिक्षक ॲडमिन, सिनिअर एकही नाही. पीडीएफ तिथे आली की दुसऱ्या ग्रुपची गरज राहत नाही.

सर्वेक्षण नीट करा

पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी नव्या विद्यार्थ्यांचं निनावी सर्वेक्षण करायचं असतं. बहुतेक ठिकाणी 'तुमचं रॅगिंग झालं का?' असं विचारतात आणि सगळे 'नाही'वर खूण करतात. हा प्रश्न विचारूच नका. हे विचारा:

१. गेल्या पंधरा दिवसांत रात्री दहानंतर कोणी खोलीवर, फ्लॅटवर किंवा टेरेसवर बोलावलं का?
२. दुसऱ्या कोणाची जर्नल, असाइनमेंट किंवा इतर कामं करून दिलीत का?
३. सिनिअरसाठी स्वतःचे पैसे खर्च झाले का? साधारण किती?
४. जात, धर्म, रँक, भाषा, गाव, रंग, कपडे किंवा बोलण्यावागण्यावरून कोणी काही बोललं का?
५. आवारातली कोणती जागा तुम्ही टाळता?
६. एखाद्या ग्रुपमधून बाहेर पडायची भीती वाटते का?

पाचवा सोडून सगळ्यांना खुणेची उत्तरं ठेवा, कारण हस्ताक्षर ओळखू येतं. पाचव्यासाठी जागांची छापील यादी द्या. कागद दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने गोळा करावेत, सीआरने (वर्गप्रतिनिधीने) नाही. ऑनलाइन फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते तपासा. तो चालू राहिला की निनावीपण संपलं. पाचव्या प्रश्नात एकच जागा तीन कागदांवर आली तर पथकाने त्याच रात्री तिथे जायचं.

तक्रारपेटीचंही असंच. ती स्टाफरूमबाहेर कॅमेऱ्याखाली लावलेली असते आणि वर्षभर रिकामी राहते. लायब्ररीत किंवा जिथे एकट्याने थांबलं तरी कोणाला वावगं वाटणार नाही अशा जागी लावा.

तक्रार आली: पहिले चोवीस तास

मुलाला एकट्याला ऐका, मुलगी असेल तर महिला सदस्याने. त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख-वेळ-जागा विचारा, वाचून दाखवा, सहीशिक्क्याची प्रत त्याच्या हातात द्या. 'इतके दिवस गप्प का बसलास' हे विचारू नका.

त्या रात्रीच्या झोपेची सोय संध्याकाळपर्यंत लावा. हलवायचं ते ज्याच्यावर आरोप आहे त्याला. तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या हॉस्टेलात पाठवलं की शिक्षा त्यालाच झाली असा संदेश सगळ्यांना जातो. तो स्वतःच घरी जायचं म्हणाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याची हजेरी धरली जाईल हे लेखी द्या.

सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. त्याच दिवशी त्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा तास धरून प्रत काढा, गेटच्या रजिस्टरची पानं सील करा.

आता दोन मुदती. यूजीसीच्या नियमांनुसार संस्थाप्रमुखाने फौजदारी गुन्हा दिसतो का ते लगेच ठरवायचं आणि दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर करायचा. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. प्रमुखाने यात टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केलं असं कायदा मानतो. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, संस्थेतून काढणं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही.

दोघांना समोरासमोर बसवून मिटवामिटवी करू नका. पालकांना बोलावून माफीनामा लिहून घेणं, हातात हात द्यायला लावणं, 'मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे' म्हणून तक्रारदाराला गळ घालणं, यातलं काहीही झालं की पुढच्या पाच वर्षांत त्या कॉलेजात कोणी तक्रार करत नाही. समितीला नियमांप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या आहेत: वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेला न बसू देणं, हॉस्टेलमधून काढणं, एक ते चार सत्रांसाठी संस्थेतून काढणं, प्रवेश रद्द करणं. कोणी केलं ते सापडलंच नाही तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे, पण ती शेवटचा पर्याय म्हणून वापरा. संपूर्ण विंगला शिक्षा झाली की सगळा राग तक्रारदारावर निघतो.

जात-जमातीवरून छळ असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्याबाबत लैंगिक स्वरूपाचं काही घडलं तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) लागतो आणि पोलिसांना कळवणं कॉलेजच्या मर्जीवर राहत नाही, ते बंधनकारक आहे.

मुलगा खचलेला दिसत असेल तर जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना त्याच्यासमोर फोन लावा आणि समुपदेशक येईपर्यंत सोबत थांबा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

विद्यार्थ्यांसाठी

रात्री बोलावणं आलं तर वाद घालू नका आणि एकटे जाऊही नका. 'सर, उद्या कॅन्टीनमध्ये भेटतो' एवढंच लिहा. हे उत्तर पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतं. आत अडकलात तर ११२, बाहेर असाल तर रेक्टर.

घडल्या रात्रीच चार ओळी लिहा: कधी, कुठे, कोण कोण होतं, नेमके शब्द काय होते. ती नोंद स्वतःलाच ईमेल करा म्हणजे तारीख आपोआप पडते. चॅट पुसू नका, ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका, आधी चॅट एक्सपोर्ट करा. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेल्या नावाऐवजी पूर्ण नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. एकदाच दिसणारा फोटो आला तर तो उघडून दुसऱ्या फोनने टिपा. फोन बदलू किंवा विकू नका, मूळ फोन लागतो.

लागलं असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाऊन कसं लागलं ते स्पष्ट सांगा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय) नोंद करायला सांगा. वैद्यकीयचे विद्यार्थी असाल तर शक्यतो स्वतःचं रुग्णालय सोडून दुसरीकडे जा.

तक्रार अशी पुरते: 'मी, अमुक, पहिलं वर्ष, खोली क्रमांक तमुक. दिनांक ... रोजी रात्री ... वाजता ... येथे ... यांनी मला ... करायला लावलं. तेव्हा ... हजर होते. यापूर्वी ... या तारखांना असंच झालं. सोबत चॅटची पानं जोडली आहेत. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ प्रमाणे कारवाई करावी आणि मला लेखी कळवावं.' एक प्रत द्या, दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तीच तक्रार ईमेलने पाठवा. हेल्पलाइनवर सांगितलंत तर मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पालकांसाठी

कायद्याने पालकही तक्रार करू शकतात, शिक्षकही. मुलगा तयार नाही म्हणून वाट बघत बसायची गरज नाही, पण त्याला सांगून करा. फोनवर 'कसा आहेस' विचारलं की 'ठीक' येतं. त्याऐवजी काल जेवण कोणाबरोबर केलंस, किती वाजता झोपलास, पैसे कशाला लागले हे विचारा. सारखे पैसे मागणं, शनिवारी घरी यायची घाई, रविवारी रात्री पोट दुखणं, फोन उलटा ठेवणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर त्याच आठवड्यात हॉस्टेलवर जाऊन या.

पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत नाही' असं सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदच घेत नसतील तर लेखी तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

प्रकरण मिटल्यानंतर

निर्णय लागला की कॉलेजचं लक्ष दुसरीकडे जातं आणि सूड तेव्हा सुरू होतो. तो मारहाणीने येत नाही: जर्नलवर सही अडते, प्रॅक्टिकलला जोडीदार मिळत नाही, नाटकातलं नाव गळतं, मेसमध्ये टेबल रिकामं होतं. तक्रारीनंतर सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी समितीतल्या एका ठरलेल्या शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला भेटायचं, हजेरी आणि अंतर्गत गुण आधी काढून बघायचे, आणि या चार गोष्टी नाव घेऊन विचारायच्या. तिन्ही तारखा निर्णयाच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. भेटायला त्याला केबिनमध्ये शिपायाकरवी बोलावू नका, सगळ्या वर्गाला कळतं. तास संपल्यावर लायब्ररीत गाठा.